निवटीची तक्रार

दहावीला उत्क्रांतीचा धडा आला की मोहितेबाई तो शनिवारच्या अर्ध्या दिवसात उरकत. बाई मूळच्या रसायनशास्त्राच्या. अकरा वर्षं त्या ‘माणूस माकडापासून झाला’ हे वाक्य फळ्यावर लिहीत आणि कोणी काही विचारायच्या आत पुसून टाकत. यंदा मात्र करावे गावातल्या राजश्रीने डस्टर लागण्याआधीच हात वर केला.

“टीचर, तुमाला पटतं हे?”

बाई गडबडल्या. देव्हारा, सासूबाई आणि पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप एकदमच डोळ्यांसमोर उभा राहिला. “पटायचं काय त्यात? परीक्षेत लिहायचं आणि सोडून द्यायचं,” त्या म्हणाल्या.

सोमवारी मुख्याध्यापक भोईटेसरांनी त्यांना बोलावून घेतलं. राजश्रीची आजी फोनवर फार तापली होती. तिच्या बोलण्यातले धडा, माकड आणि बाई एवढे तीनच शब्द सरांना नीट कळले होते. उद्या ती स्वतः येणार होती. भावना दुखावल्या असणार, असा सरांचा अंदाज. निवृत्तीला सात महिने उरलेले असताना त्यांना कोणाच्याच भावना नको होत्या. त्यांनी बाईंना लेखी खुलासा करायला लावला : ‘माणूस माकडापासून झाला, असे शाळेचे म्हणणे नाही.’ मग थोडा विचार करून ‘पुस्तकाचेही नाही’ हेही जोडायला सांगितलं.

पुस्तकाच्या नावावर खोटं कसं लिहायचं, म्हणून बाईंनी घरी धडा उघडला आणि पहिल्यांदाच ओळ न् ओळ वाचला. पुस्तकाचं तसं म्हणणं खरंच नव्हतं. माणसाचे आणि माकडांचे पूर्वज एक, एवढंच ते सांगत होतं. म्हणजे दहावीच्या अकरा तुकड्या चुकीचं शिकून पास झाल्या होत्या. खुलासा खरा निघाल्याने बाईंना उलट जास्तच अपराधी वाटलं.

मंगळवारी सगुणाआजी आली ती स्टीलचा डबा घेऊन. सरांनी बाईंनाही ऑफिसात बोलावलं आणि अदबीने खुलासा पुढे केला. आजीने तो न वाचताच डब्याखाली अंथरला आणि झाकण काढलं. आतून दोन निवट्या, खाडीच्या चिखलातले ते बोटभर मासे, टुणकन उडाल्या. एक खाली पडली. दुसरी परांवर जोर देत, हजेरीपट ओलांडून, थेट सरांच्या दिशेने चालू लागली. सर खुर्चीवर चढले.

“खाडीच्या चिखलान रोज बघतंय मी,” आजी बाईंना म्हणाली. “मासा पानी सोडून चालतो, न् तू पोरीला सांगतेस, लिही न् सोडून दे? शिकवनारीलाच पटत नाय, तं पोरीनं काय करावा?”

बाईंनी आधी चूक कबूल केली. मग राजश्रीलाही बोलावून घेतलं आणि हजेरीपटावरचा मासा समोर ठेवून, अकरा वर्षांत शिकवला नव्हता तसा धडा शिकवला. निवटी आपली पूर्वज नाही, पण फार फार मागे गेलं तर तिचे नि आपले पूर्वज एकच निघतात, इथवर त्या आल्या तेव्हा अर्धा तास होऊन गेला होता. सर खुर्चीवर उभ्यानेच ऐकत होते.

“आजी, हे ऐकून तुम्हाला राग नाही आला?” बाईंनी भीतभीत विचारलं.

आजी दोन्ही निवट्या पकडून डब्यात टाकत होती.

“राग कसला? नातं हाय तं हाय,” ती म्हणाली आणि झाकण घट्ट दाबलं. “पन दुपारचा कालवन यांचाच हाय.”