बिस्किट जाईल एवढी जागा

न्यायदानाच्या कामात सर्वाधिक धोका तोंडाला असतो. खुर्चीत बसून न्याय देणाऱ्यांना हे पटणार नाही. बेसबॉलच्या पंचाला मात्र चटकन पटतं, कारण तो फलंदाजाच्या मागे वाकून उभा असतो आणि बॅटची कड घेतलेला चेंडू थेट त्याच्या तोंडाकडे येतो.

थोरले पंच या जागी सव्वीस वर्षं उभे होते. त्यांच्या मास्कच्या दोन सळ्या तुटल्या होत्या. त्या त्यांनी तारेने बांधल्या होत्या. डाव्या डोळ्याला दोनदा मार बसला होता. "तिसऱ्यांदा बसला तर डोळा गेलाच समजा," असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं, तेव्हा त्यांनी नव्या मास्कसाठी अर्ज केला.

अर्जाची तातडीने दखल घेण्यात आली (चौदा महिन्यांत). सात जणांची मास्क निवड समिती नेमली गेली. ज्यांच्या तोंडावर कधी चेंडू बसला आहे, अशांना तीतून वगळलं. त्यांच्या मनात चेंडूविषयी आकस असतो.

चार नमुने आले. सदस्यांनी ते बैठकीत साडेसात तास आळीपाळीने घालून पाहिले. चारही पूर्ण सुरक्षित ठरले, कारण कोणालाही इजा झाली नाही. पहिल्याच्या जाड सळ्यांमधून चहाचा कप ओठांना लागेना. दुसऱ्यात अध्यक्षांचा आवाज घुमला. तिसऱ्याने चिटणिसांचा भांग विस्कटला. चौथा हलका आणि समोरून ऐसपैस. त्यातून बिस्किटसुद्धा आरामात जात होतं.

रीत म्हणून थोरल्या पंचांनाही बोलावलं होतं. ते म्हणाले, "साहेब, जिथून बिस्किट जातं तिथून चेंडू..."

"चेंडू बिस्किटापेक्षा मोठा असतो," अध्यक्षांनी समजूत घातली. "आम्ही मोजलाय. तो आत येणार नाही."

"पूर्ण आत यायची गरज नाही, साहेब. डोळा जवळच असतो."

हा मुद्दा समितीच्या कार्यकक्षेबाहेरचा होता.

तरीही शेवटचा शब्द प्रेक्षकांचा असावा, म्हणून त्यांना एकच प्रश्न विचारला: पंचाचा चेहरा दिसायला हवा का? एक्क्याण्णव टक्के 'हो' म्हणाले (उरलेल्यांनी प्रश्नाच्या कागदाला वड्याचे तेलकट हात पुसले). शिव्या घालताना समोर चेहरा असावा, ही अपेक्षा रास्तच आहे. चौथा मास्क मंजूर झाला.

"तो तारेचाच घालून जा ना," बायको म्हणाली.

"नियमात बसत नाही गं."

"मग नियमालाच उभं करा तिथं!"

थोरल्या पंचांना भीती वाटत होती. सरळ सांगायचं तर फार वाटत होती. पण सव्वीस वर्षं लोकांना नियम शिकवणारा माणूस तो स्वतःच कसा मोडणार? त्यांनी नवा मास्क चढवला.

तिसऱ्याच सामन्यात चेंडू आला. अहवालात समाधान नोंदवलं गेलं: मास्कवर साधा ओरखडाही नाही.

दोन महिन्यांनी थोरले पंच पुन्हा फलंदाजामागे उभे राहिले. पहिल्याच निर्णयाला प्रेक्षकांतून आरोळी आली, "पंच आंधळा आहे!"

त्यांनी पुढच्या चेंडूसाठी मास्क नीट केला. आरोळी डावीकडून आली होती, त्यामुळे ओरडणारे तुम्ही त्यांना दिसला नाहीत.