तपासणाऱ्याची सही

"माणूस चंद्रावर जाऊन तिथली माती घेऊन परत आला, आणि आपण भिंतीला एक पेटी अडकवायला परक्याच्या तोंडाकडे बघायचं? यापुढे या घरात कारागीर येणार नाही! मला कुणाच्याही मदतीची गरज नाही!"

काटकोनसाहेबांनी ही घोषणा शनिवारी सकाळी साडेआठ वाजता, झोपण्याच्या खोलीत, स्टुलावर उभे राहून केली. ते स्टूल गेल्याच महिन्यात त्यांनी स्वतः दुरुस्त केले होते. त्यामुळे 'गरज' हा शब्द त्यांनी स्टुलावरून उच्चारला आणि 'नाही' हा फरशीवरून.

"मोडलं का?" दारातून बायकोने विचारले.

"नाही, नुसतं मुरगळलं."

"मी स्टुलाचं विचारतेय."

'काटकोनसाहेब' हे नाव त्यांना कचेरीत पडले होते. चौतीस वर्षे त्यांनी इमारतींचे नकाशे काढले. निवृत्तीच्या दिवशी सगळे सामान परत केले, पण पारदर्शक प्लास्टिकचा गुण्या तेवढा खिशातच राहिला. तो घेऊन ते लोकांच्या घरी जात आणि यजमान पाणी आणायला आत गेले की भिंतीवरच्या तसबिरींचे कोपरे तपासत. यजमान परत येईपर्यंत दोन-तीन तसबिरी सरळ झालेल्या असत आणि एखादी खाली आलेली असे.

एसी गुरुवारी घरी आला. तो बसवणारा कंपनीचा माणूस पुढच्या बुधवारी येणार होता. सासूबाई मात्र आज चार वाजता येणार होत्या. त्यांच्या एका डोळ्याने दोन वर्षांपूर्वीच कायमची रजा घेतली होती आणि दुसऱ्याचे काल ऑपरेशन झाले होते. डॉक्टरांनी निक्षून सांगितले होते की, गार खोलीत ठेवा, घामाचा थेंब डोळ्यात जाता कामा नये, आणि संध्याकाळी सहाला पट्टी काढा, मग कळेल कितपत दिसतेय ते. "एकच डोळा उरलाय हो आईला," एवढेच बायको गुरुवारपासून म्हणत होती, आणि तेवढे पुरेसे होते.

यावर एक सरळ उपाय होता. बायकोचा धाकटा भाऊ एसी बसवण्याचाच धंदा करायचा. त्याने फोनवर सांगितलेही होते, "भावोजी, दोन तासांचं काम. येऊन जातो." पण वर्षापूर्वी भावोजींनी स्वयंपाकघरात बसवलेले फडताळ बरण्यांसकट खाली आले, तेव्हा काचा गोळा करता करता हाच मेव्हणा म्हणाला होता, "भावोजी, तुम्ही आपले कागदावरच खिळे ठोका. तिथले कुणाच्या डोक्यात पडत नाहीत." ते वाक्य साहेबांच्या मनात फडताळापेक्षा घट्ट बसले होते.

"तुझ्या भावाचं बोट जरी या एसीला लागलं ना," साहेब फरशीवरून उठत म्हणाले, "तर हा गुण्या मोडून टाकीन!"

"आणि सहापर्यंत खोली गार झाली नाही तर?"

"तर तू मोड."

या घरात नकाशाशिवाय खिळा ठोकला जात नसे. साहेब आधी नकाशा काढत. त्याच्या कोपऱ्यात, कचेरीतल्यासारखीच, दोन चौकटी असत. 'काढले' या चौकटीत साहेबांची सही आणि 'तपासले' या चौकटीत बायकोची. कचेरीचा नियम असा की, चूक निघाली तर दोष तपासणाऱ्याचा. फडताळ पडले तेव्हा साहेबांनी काचांवरून उड्या मारत जाऊन नकाशा शोधून आणला होता आणि बायकोला तिची सही दाखवली होती.

एसीचा नकाशा त्यांनी रात्री जागून ट्रेसिंग पेपरवर काढला होता. समोरून, वरून आणि आडवा छेद.

"सही कर."

"नाही."

"अगं, नुसती सही."

"फडताळाचीही नुसतीच होती."

न तपासलेला नकाशा हातात धरण्याची साहेबांची ही पहिलीच वेळ. त्यांना बनियनवर वरातीत निघाल्यासारखे वाटले. पण साडेनऊ वाजत आले होते. त्यांनी नकाशा भिंतीवर चिकटवला. चष्म्याची एक काडी मघाच्या फरशीवरच्या प्रसंगात कामी आली असल्याने चष्मा खिशात होता. आणि ट्रेसिंग पेपरचा स्वभाव असा की, तो दोन्ही बाजूंनी सारखाच प्रामाणिक दिसतो.

बायको चादर काढायला आली आणि थबकली. "अहो, ती अक्षरं उलटी आहेत, की मलाच तसं दिसतंय?"

"सही न करणाऱ्यांनी शेरे मारू नयेत."

त्या भिंतीच्या उजव्या भागापलीकडे साहेबांची गॅलरी होती आणि डाव्या भागापलीकडे शेजाऱ्यांचे न्हाणीघर. नळ्या बाहेर काढण्याच्या भोकाची फुली नकाशात उजवीकडे होती. उलट्या चिकटवलेल्या नकाशात ती अर्थातच डावीकडे आली. साहेब सव्वीस वर्षे याच खोलीत झोपत होते आणि रोज पहाटे याच भिंतीतून शेजारची बादली ऐकत होते. पण नकाशा समोर असताना भिंतीचे मत विचारणे त्यांना नकाशाची चहाडी केल्यासारखे वाटे.

भाड्याने आणलेले ड्रिल मशीन सुरू झाले. पाऊण तास ते भिंतीत शिरत होते आणि साहेब त्याच्यामागून थरथरत होते. दातांतल्या दोन फिलिंग सैल झाल्या. मग एकदम पलीकडे काहीतरी फुटले, मशीन गपकन पुढे गेले, आणि भिंत बोलली.

"कोण आहे रे?"

साहेबांनी मशीन बंद करून भोकाला तोंड लावले. "मी."

"मी कोण?"

"शेजारचा."

"शेजारचे ना? मग शेजारी असावं माणसानं! माझ्या न्हाणीघरात काय करताय?"

हे कोर्टकाका. चाळीस वर्षे कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेले.

"काका, तुम्ही आंघोळ करताय का?" साहेबांनी अदबीने विचारले.

"नाही, वाढदिवस साजरा करतोय! तोंडाला साबण आहे म्हणून डोळे मिटलेत. उघडले की बघतो तुमच्याकडे!"

दहा मिनिटांनी भोकातून कागदाची एक बारीक सुरळी आली आणि टपकन गादीवर पडली. बायकोने ती उलगडून मोठ्याने वाचली. "विषय, राहत्या न्हाणीघरात विनापरवाना पाडलेले छिद्र. सोबत, फुटलेल्या टाइलचा तुकडा मागाहून. खुलासा आजच लेखी द्यावा व तो याच मार्गाने पाठवावा." तिने सुरळी नवऱ्याच्या हातात ठेवली. "द्या उत्तर. आणि ते तरी सरळ बाजूनं लिहा."

मग साहेबांनी चष्मा दोऱ्याने कानाला बांधला आणि नकाशावरची उलटी अक्षरे पाहिली. त्यांनी नकाशा काढून पालटला आणि पुन्हा चिकटवला. दुसरे भोक उजवीकडे पाडले, ते गॅलरीत निघाले. तिथे वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीत मशीनचे टोक गुंतले, हे अगदीच किरकोळ. एसीचा बाहेरचा मोठा डबा त्यांनी गॅलरीत ठेवला. आतल्या पेटीची उलट्या नकाशावरून आखलेली जागा मात्र आता एक हात सरकवावी लागली. पेटी सरळ बसावी म्हणून त्यांनी शेजारच्या कपाटाच्या कडेला गुण्या लावून रेघ मारली आणि तिच्यावर पेटी अडकवली. कपाट त्यांनीच बसवलेले होते. त्याच्या एका पायाखाली पुठ्ठा होता, पण तो त्यांच्या सवयीचा झालेला होता.

नळ्या जोडताना माहितीपत्रकातली आकृती त्यांना आवडली नाही. तिच्यात छेद नव्हता. त्यांनी नट हातानेच लावले आणि पाना शोधायला वेळ लागेल म्हणून आधी डब्यातल्या गारव्याच्या गॅसची चावी फिरवली. फुस्स असा आवाज सुरू झाला आणि चांगला दीड मिनिट चालला. इतका वेळ आवाज येतोय म्हणजे काहीतरी सुरू झाले, या समजुतीने साहेबांनी तो पूर्ण ऐकून घेतला.

साडेतीनला रिमोटचे बटण दाबले. पेटीचा हिरवा दिवा लागला, झडप उघडली, आणि खोलीतली गरम हवा खोलीतच इकडून तिकडे फिरू लागली. डावीकडच्या भोकातून वाफ आणि साबणाचा वास येत होता. कोर्टकाकांची आंघोळ खटल्यामुळे लांबली होती.

चारला मेव्हणा सासूबाईंना घेऊन आला. त्यांच्या डोळ्यावर पट्टी, कपाळावर घाम. मेव्हण्याने त्यांना पलंगावर टेकवले आणि भिंतीकडे पाहिले. एक भोक. दुसरे भोक. पेटी. गॅलरीतली भोक पडलेली चादर. मग त्याने भोके पुन्हा एकदा मोजली. त्याने हे मुद्दाम केले, असे साहेबांचे आजही मत आहे.

नळ्यांचे नट निरखत त्याने विचारले, "भावोजी, नट आवळायच्या आधी चावी फिरवलीत?"

"क्रम कुठे दिला होता?"

"मग गॅस गेला."

"कुठे गेला?"

"सांगून नाही जात तो."

बायको आईच्या कपाळाचा घाम रुमालाने टिपत होती. तिचा आवाज चढला. "साडेचार वाजले! बंड्या, तुझं सामान आण वर. लाग कामाला!"

बंड्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले. "छे गं ताई! माझं बोट लागलं की भावोजी गुण्या मोडणार, तूच सांगितलंस ना फोनवर? चौतीस वर्षांचा गुण्या माझ्यामुळं मोडायला नको."

"मोडला तर मोडला! आईचा डोळा आहे!"

"राहू दे गं," सासूबाई म्हणाल्या. "मला काही एवढं उकडत नाहीये." त्याच वेळी घामाचा एक टपोरा थेंब त्यांच्या कपाळावरून निघाला, भुवईपर्यंत आला आणि पट्टीच्या काठावर अडखळला. साहेबांनी तो पाहिला. खिशातल्या गुण्यावरचा त्यांचा हात खाली आला.

"बंड्या," ते भिंतीकडे बघत म्हणाले, "तू हात लावू नकोस. पण... नुसतं बघायला काय हरकत आहे? तपासणारा म्हणून?"

मेव्हणा खुर्चीत बसला. सामान त्याच्या गाडीत होते, गाडी चार मजले खाली होती, आणि लिफ्टमध्ये दुरुस्तीचा कारागीर होता. पंप, गॅसचे सिलिंडर, पाने अशा तीन खेपा साहेबांनी केल्या. मग खुर्चीतून सूचना सुटू लागल्या.

"आवळा. अजून. घड्याळाच्या दिशेनं, भावोजी."

"घड्याळाच्याच दिशेनं फिरवतोय."

"ती उलटी झाली."

"कुठून बघताना?"

"तुम्ही घड्याळाच्या आतून बघायला लागलात तर आज काही सहा वाजत नाहीत."

पावणेसहाला पेटीतून गार हवेची पहिली झुळूक आली. सासूबाईंच्या कपाळावरचा घाम विरला. बायकोने दिवसात प्रथमच खांदे सैल सोडले. भोकातून दुसरी सुरळी पडली. "गार हवा इकडेही येऊ लागल्याने तक्रार तूर्त स्थगित. छिद्र पुढील आदेशापर्यंत बुजवू नये. मी पाट टाकून इथेच बसलो आहे." बायकोने भोकात उशीचा अभ्रा कोंबला. पलीकडून हरकतीचे दोन-चार शब्द आले, पण ते अभ्र्यात मुरले.

साहेबांनी भिंतीवरचा नकाशा अलगद काढून मेव्हण्यापुढे धरला. "सही लागते."

मेव्हण्याने कागद आधी पालटून पाहिला, मग सुलटा केला, आणि 'तपासले' या चौकटीत ऐटीत सही ठोकली. साहेबांच्या छातीवरचा भार उतरला. बोट लागले नव्हते, गुण्या शाबूत होता, खोली गार होती, आणि यापुढे जे काही होईल त्याला जबाबदार माणूस होता.

सहा वाजले. बायकोने हात धुतले, खिडकीचा पडदा अर्धा ओढला आणि पट्टी सोडली. दोन थेंब घातले. सासूबाईंनी डोळा मिटूनच ठेवला होता.

"आई, उघड हळूहळू. घाई नको."

डोळा उघडला. मिटला. पुन्हा उघडला. आधी तो कुठेच बघत नव्हता. मग समोरच्या भिंतीवर जाऊन थांबला.

"ते पांढरं पांढरं काय आहे?"

"एसी, आई! तुझ्या जावयांनी बसवलाय. स्वतः!"

सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या. मेव्हणा खुर्चीतून उठून उभा राहिला. साहेबांनी नकळत सदऱ्याची बटणे नीट केली.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "राग मानू नका हं. पण उजवीकडून बोटभर खाली आलाय तो. तेवढा सरळ करता का?"

"बोटभर!" बायको किंचाळलीच. "बंड्या, आईला बोटभर दिसतंय रे!" आणि तिने आईला मिठी मारली. मेव्हणा तोंड फिरवून डोळे पुसू लागला. साहेबांनाही आनंद झाला होता. पण तो व्यक्त करण्याआधी त्यांनी गुण्या काढला, पेटीला लावला, मग कपाटाला लावला, मग वाकून कपाटाच्या पायाखालचा पुठ्ठा पाहिला. सरळ होताना त्यांच्या हातात नकाशा होता आणि बोट 'तपासले' वर होते.

"सही कुणाची आहे?"

"माझी," मेव्हणा नाक ओढत म्हणाला. त्याने दोन्ही हात पुढे केले आणि दहाही बोटे पसरली. "चढू वर? लावू बोट?"

साहेबांनी त्या दहा बोटांकडे पाहिले. हातातल्या गुण्याकडे पाहिले. सासूबाईंचा डोळा आता भिंतीवरून पुढे निघाला होता. "आणि ते कॅलेंडर..." त्या कौतुकाने म्हणत होत्या.

साहेबांनी नकाशाची घडी घातली, स्टूल भिंतीपाशी ओढले आणि त्यावर एक पाय ठेवला. स्टूल कुरकुरले. त्यांनी पाय खाली घेतला.

"अगं," ते हळूच म्हणाले, "जरा स्टूल धरतेस का?"