गेल्या हाताचे बोलणे ऐकिले त्याची हकीकत

जी तारेतून धावते आणि जी नसेतून धावते, त्या उभय शक्तींस साष्टांग नमस्कार करोन लिहितो ऐसे जे. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, आश्विन शुद्ध नवमी, खंडेनवमीचे दिवशी राज्यातील थोरल्या इस्पितळी हे वर्तमान जाहले. धोंडाप्पा कोष्टी म्हणोन विणकर, त्यांचा उजवा पंजा यंत्रमागाने घेतला. परंतु पंजास हुकूम पोचविणारी नस थोट्या हातात शाबूत राहिली. मग वैद्यराज सुलक्षणाबाई यांनी केसाहून बारीक दोन तारा त्या नसेत रोविल्या आणि नसेचे बोलणे टिपणयंत्राचे पडद्यावर व कर्ण्यातून टिपू लागल्या. आठ रोज गेले, काही हाती न लागे, आणि जखम लाल जाहली. तेव्हा ठरले की खंडेनवमीचे सायंकाळी तारा काढाव्या. तोपावेतो बोलणे टिपिले तर पुढे कायमच्या तारा व यंत्राचा पंजा मंजूर, न टिपिले तर धोंडाप्पांचे नाव खारीज. नसेचे बोलणे मुंगीच्या पावलाएवढे, आणि इमारतीतील विजेची घरघर त्यावर चाल करोन आलेली. दोन्ही तारांस सारखा लागणारा कल्लोळ वजा केला, तरी पुष्कळ उरला. मग यंत्रशाळेचे अंमलदार विसाजीपंत यांनी टिपणयंत्र बॅटरीवर घेतले, पंखे बंद पाडिले, दिवे मालविले, सर्वांचे मोबाइल कैद करोन बाहेर धाडिले, आणि विजेच्या वस्तूंचे यादीवर खुणा करोन रण मोकळे जाहले म्हणाले. घरघर कायम. सर्वांची नजर पडद्यावर. धोंडाप्पा मात्र कान देऊन पडले होते. तीस वर्षे मागाच्या आवाजावरून बिघाड ओळखणारे ते. त्यांनी दाखविले की कर्ण्यातील घरघर चढते-उतरते ती समोर लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या माळेबरहुकूम. ती माळ सकाळी पूजेत खुद्द टिपणयंत्रासच घातली होती. देवाची म्हणोन विजेच्या यादीत कोणी धरिली नाही. विसाजीपंत बोलिले, उत्तरपूजेवाचून माळ विझविणे बरे नव्हे. त्यावर धोंडाप्पा बोलिले,

"पंत, देवाला अंधारात बी दिसतंय. माझा हात तेवढा मला ऐकू द्या."

बाईंनी उठोन माळेची पिन उपसली आणि घरघर बसली. मग आज्ञा केली की मूठ आवळा. आणि जी मूठ नाही ती धोंडाप्पांनी आवळिली, तों कर्ण्यातून तडतड निघाली, सैल सोडिता थांबली, आवळिता पुन्हा निघाली. धोंडाप्पांस रडू आले. म्हणाले, "अजून हाय की त्यो."

सारांश, सायंकाळी तारा निघाल्या, पंजा मंजूर जाहला, आणि विसाजीपंतांनी देवापुढे तेलाची समई लाविली. हात गेला हे सर्व कागदोपत्री लिहिले होते. नसेस मात्र ते कोणी कळविले नव्हते.