राखीव दादा

माझा दादा मंगळवारी दुपारी दुकानात मेला, आणि चहा निवायच्या आत त्याच्यातला राखीव दादा उठून बसला.

यात नवल काही नाही. मोठ्या कॉम्प्युटरांतही अशीच सोय असते, असं नगरपालिकेकडून तपासणीला आलेल्या आरवाडे बाई म्हणाल्या. मुख्य कारभार कोसळला की बाजूला राखून ठेवलेल्या कोपऱ्यात एक छोटा कारभार जागा होतो. गेलेल्याच्या डोक्यात जे होतं ते जवळच्या माणसाच्या हवाली करायचं, एवढंच त्याचं काम. ते झालं की माणूस पुन्हा पहिल्यापासून, कोरा सुरू होतो.

"फक्त आपण राखीव आहोत हे त्याला वेळेत कळायला हवं," बाई म्हणाल्या. "नाही कळलं तर तो स्वतःला मूळ समजून सगळं चालू करतो. मग जे नवं शिकेल ते जुन्याच्या जागेवर बसतं."

त्यांनी दादाला उभं केलं. "दारापर्यंत चाला, आणि चालता चालता नाव सांगा."

दादा दारापर्यंत गेला. थांबला. मग म्हणाला, "बळवंत यशवंत पोरे."

"राखीवाला एका वेळी एकच काम जमतं," बाई मला म्हणाल्या. "हे थांबले."

"गुडघा धरलाय त्याचा," मी म्हणालो. तोंडातून निघूनच गेलं.

"चहाचा घोट घेताना त्यांना ऐकू येतं?"

"पहिल्यापासून येत नाही. आत्याला विचारा."

आत्या दारात तांदूळ निवडत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. "आमच्या घरात कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही, बाई," ती म्हणाली.

बाईंनी कागदावर 'मूळ' असा शिक्का मारला. "शिक्का बदलता येतो," जाताना म्हणाल्या. "पुसलेलं परत येत नाही."

मला त्याचं काही वाटलं नाही. दादाचा हात गरम होता, तेवढं मला पुरे होतं. शिवाय हा नवा दादा बघण्यासारखा होता. ऐकताना डोळे मिटायचा, ऐकून झालं की उघडायचा. शिंक आली की आधी खाली बसायचा, मग शिंकायचा. त्याला आणखी काय काय जमतं ते बघायला मी त्याला उरुसात नेलं, आकाशपाळण्यात बसवलं. तो लहान पोरासारखा हसला. खाली उतरल्यावर म्हणाला, "आपली आई दिसायची कशी रं?"

मी त्याला मोबाईलवरचा खेळ शिकवला. संध्याकाळी त्यानं मला "अहो" म्हणून हाक मारली.

"बास कर आता," आत्या म्हणाली. "भरल्या घागरीत किती ओतशील?"

मी तिच्यावरच ओरडलो.

मग दुकानात एका विहिरीवरची जळालेली मोटार आली. आमचं मोटार रिवायंडिंगचं दुकान. शाळा सोडून मी तिथं बसलो तेव्हा दादानं मला एकच गोष्ट शिकवली होती. आधी जुने वेढे मोजायचे, मग तार कापायची. न मोजता कापली तर ती मोटार कशी होती हे पुन्हा कुणालाच कळत नाही.

दादानं मोटार उघडली, छिन्नी उचलली आणि थेट तारेवर ठेवली.

मी त्याचा हात धरला. "मोजलंस?"

"काय मोजायचं?" त्यानं विचारलं.

मी फरशीवर बसून ओक्साबोक्शी रडलो. मग म्हणालो, "तू दादा नाहीस. राखीव आहेस. दादा मंगळवारी गेला."

त्यानं डोळे मिटून ऐकलं. मग उघडले. "आधी नाही का सांगायचं? मी आपलं सगळंच चालू करत सुटलो." त्यानं छिन्नी खाली ठेवली, पंखा बंद केला. "बस समोर. हलू नको."

"राहा की अजून थोडा."

"राहिलो तर काहीतरी बघीन, आणि बघितलं की आणखी काहीतरी जाईल. बस."

तो बोलत गेला, मी घेत गेलो. त्याच्या आठवणीतली आई गेलीच होती, तिचा फक्त खोकला उरला होता. तो मिळाला. वडलांची शीळ मिळाली. कुठल्या मोटारीची तार बोटाला कशी लागते ते मिळालं. मी तापात असताना तो मला हातांवर घेऊन फिरला होता, ते वरून दिसणारं माझं तोंडही मिळालं. सगळ्यात शेवटी मंगळवार होता: धाकल्यानं चहात साखर फार टाकली आहे. बोलू नये. हौसेनं केलाय.

"एवढंच होतं," तो म्हणाला आणि त्यानं डोळे मिटले.

ते उघडले तेव्हा तो गुडघा खाजवत खाजवत पंख्याकडं बघत होता.

"मालक," तो मला म्हणाला, "इथं काम मिळंल का?"

आत्यानं आतून विचारलं, "नवा माणूस जेवणार आहे का?"

"जेवंल," मी म्हणालो.

त्यानं बाकावरची उघडी मोटार पाहिली, छिन्नी हातात घेतली. "ही तार कापू का?"

"आधी मोज," मी म्हणालो.