गुण येईलच असे नाही

गेल्या सोमवारी सकाळी सव्वादहा वाजता, सोलापुरातल्या सात रस्ता चौकाजवळच्या आमच्या गल्लीत, मल्लिनाथ अण्णांवर अन्याय झाला. करणारे आम्ही गल्लीकर. हत्यार म्हणाल तर चांगुलपणा.

अण्णा शाळेच्या प्रयोगशाळेत शिपाई होते, आता निवृत्त. थंडी वाजून ताप आलेल्याला ते काडेकिराईताचा काढा देतात. दारावर पाटी : 'काढा मिळेल. गुण येईलच असे नाही.' आपल्याच औषधाची अशी बदनामी करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आधी रक्त तपासल्याचा कागद दाखवायचा, मगच पेला. कागदात हिवताप किंवा डेंगी निघाला तर अण्णा पेला झाकून ठेवतात आणि रिक्षा बोलावतात. बरं झालेलं कुणी पाया पडायला वाकलं की पाय आखडून विचारतात, "काढ्यानंच उतरला, कशावरून?"

मी भोंदू औषधांविरुद्ध पत्रकं वाटते. पहिलं पत्रक अण्णांच्याच दारात नेलं होतं. 'काढ्याने काहीही होत नाही' या वाक्याखाली त्यांनी लाल रेघ ओढली.

"तू तरी कशावरून म्हणतीस, पोरी?"

मी ठणकावलं, पुरावाच नाही म्हणून.

"मग 'पुरावा न्हाय' असं छाप की. 'होत न्हाय' आन् 'म्हाईत न्हाय' ह्यात लई फरक हाय."

दुसऱ्या बाजूलाही सूट नव्हती. एकाने मोबाइल पुढे धरला, किराईताच्या अर्काने काचेच्या नळीत जंतू मरतात म्हणून. अण्णांनी त्याला विचारलं, ताप तुला आलाय का नळीला?

तर पुरावा शोधायला त्यांनी वही घातली. निम्म्यांना काढा, निम्म्यांना नुसतं कारल्याचं पाणी. कुणाला काय, ते चिठ्ठी टाकून ठरायचं आणि पिणाऱ्याला कळायचं नाही. तसं आधी सांगून, सही घेऊनच. दोन्ही सारखंच कडू, त्यामुळे आपल्याला खरा मिळाला की खोटा यावर गल्लीत पैजा लागत. वहीत शेवटचा रकाना होता, 'दुसरे काही घेतले का?' त्यात वरपासून खालपर्यंत 'नाही'.

सोमवारी समोरच्या पद्मक्का धुणं वाळत घालताना सहज बोलून गेल्या की डॉक्टरची गोळी घेतली की आपल्याला दोन तासांत घाम सुटतोच, दर वेळी. अण्णांनी 'दर वेळी' म्हणजे कधी, एवढंच विचारलं. पद्मक्कांच्या तोंडून निघून गेलं, काढा प्यायले तेव्हाही. मग एकेक जण कबूल करत गेला. सगळ्यांनीच गोळ्या घेतल्या होत्या. म्हाताऱ्याला वाईट वाटायला नको, म्हणून सांगितलं नव्हतं.

मीही घेतली होती. पत्रकं वाटणारी मी, रकान्यात 'नाही' सांगून आले होते.

अण्णा रागावले असते तर बरं झालं असतं. ते ओट्यावर बसले, पट्टी घेतली आणि एकेक नाव सरळ रेघेने खोडायला लागले. शेजारी बसून मी माफी मागितली. वर शहाणपणाही केला, की जाऊ द्या, लोकांना तुमचा आधार वाटतो ते काय कमी आहे?

पट्टी न हलवता ते म्हणाले, "माझी बायकू महादेवी लगीन हून मोडनिंबाहून आली, तवा किराईताची जुडी संगं आणली हुती. जलमभर मी तिला डिवचायचो, गुण येतो कशावरून? ती म्हणायची, तुमी शाळेतले, तुमीच शोधा की. ती हुती तवर शोधलं न्हाय. आता बरोबर निघाली तर तिला तसं सांगायचंय. चूक निघाली तर चूक सांगायचंय. तिच्याशी बोलायला एवढाच इषय उरलाय, पोरी. त्यात तुमी खोटं घातलासा."

म्हणून हे लिहिते आहे. तुम्ही सोलापुरात असाल आणि अण्णांच्या ओट्यावर कधी एक पेला प्यायला असाल, तर येत्या रविवारी या. कुठली गोळी घेतली, किती वाजता घेतली, त्यांच्यासमोर उभं राहून सांगा. त्यांना वाईट वाटेल. वाटू द्या.