तेलरांधेबाबूंचा स्नॅपशॉट

माझ्या मुलीला मुलगी झाली तेव्हा मी शाळेत पेढे वाटले. सगळ्यांनी अभिनंदन केलं, बाळाचं वजन विचारलं. तेलरांधेबाबूंनी पेढा हातात घेतला, थोडा विचार केला आणि म्हणाले, "एकच?"

मी रागावले नाही. त्यांच्यावर रागवायचं ठरवलं तर दुसरं काही करायला वेळच उरणार नाही. वर्ध्याला लागून पिपरी मेघेत आमची शाळा आहे. मी तिथे मराठी शिकवते आणि सुधाकर तेलरांधे ऑफिसात बाबू आहेत. जगात कुठलीही गोष्ट एकच असावी हे त्यांना सहन होत नाही. दोन पेनं कोणीही बाळगतो. यांच्या खिशात दोन चष्मे आणि दोन कंगवे असतात, आणि डोक्यावर केस मात्र एका कंगव्यापुरतेही नाहीत. जेवणाचा एक डबा पिशवीत, दुसरा स्कूटरच्या डिक्कीत. "एक सांडला तं?" असं ते विचारतात. तीस वर्षांत एकही सांडलेला नाही, त्यामुळे दुसरा डबा रोज आमच्या शिपायाच्या पोटात जातो. शिपाई बाबूंना देवमाणूस म्हणतो.

कोणाच्या लग्नाला गेले की मुलीच्या बापाला बाजूला घेऊन हळूच विचारतात, "दुसरा भटजी सांगून ठेवला हाय ना?" त्यांच्या नालवाडीच्या घरी मी एकदा गेले होते. शोभाताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, चहा देता देता म्हणाल्या, "माही दुसरी कापी नाई, मॅडम, म्हून मले जरा बरं वागवते." बाबू त्यावर हसले नाहीत. त्यांना तो मुद्दा पटलेला दिसला.

अशा माणसाच्या हाती शाळेनं कॉम्प्युटर दिला. आमच्याकडे ऑफिसचा कॉम्प्युटर एकच, आणि जुनं जनरल रजिस्टर वाळवीनं खाल्ल्यापासून मुलांची सगळी माहिती त्यातच. बाबूंची झोप उडाली. मग त्यांना कोणीतरी स्नॅपशॉट शिकवला. या क्षणी कॉम्प्युटर जसा आहे तसाच्या तसा, अख्खाच्या अख्खा, दुसऱ्या डिस्कवर उचलून ठेवायचा. उद्या तो मेला तर तिथून परत आणायचा. बाबूंना आयुष्याचा अर्थच सापडला. स्टाफरूममध्ये येऊन त्यांनी आम्हाला समजावलं, "समजा मॅडम, तुमी भाजी करून राह्यल्या. मीठ जास्त पडलं. तं मीठ पडाच्या आंधीची भाजी वापस आणता येते."

"आणि मिठानंतर घातलेली कोथिंबीर?" मी विचारलं.

"ते गेली," बाबू गंभीरपणे म्हणाले. "पण मांगं जाता आलं पाह्यजे, मॅडम. माणसाले मांगं जाता आलं पाह्यजे."

हे वाक्य आम्ही दिवसातून चारदा ऐकतो. मुलांनी त्याची नक्कल बसवलीय, स्नेहसंमेलनात ती करूनही दाखवली. बाबूंनी पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या आणि नंतर त्या मुलाला विचारलं, "अन् तू आजारी पडला असता तं? दुसरा कोणी तयार होता?"

शनिवारी शाळा अर्धी. बारा वाजले की स्नॅपशॉट सुरू. तो चालू असताना ऑफिसात कोणी पंखा वाढवायचा नाही, स्टेपलर वापरायचा नाही, शक्यतो शिंकायचं नाही. खुद्द हेडमास्तर कोल्हेसरसुद्धा दाराबाहेर चपला काढल्यासारखे उभे राहतात. काम झालं की डिस्क फडक्यात गुंडाळायची, फडकं कडीच्या डब्यात, आणि डबा नालवाडीला गव्हाच्या कोठीत, कडुनिंबाच्या पाल्यासकट. डिस्कला कीड लागत नाही, हे मी एकदा सांगून पाहिलं. "आतापर्यंत लागली का?" ते म्हणाले. कडुनिंबाचाच विजय झाला. डब्यावर तारीख नसते. 'तान्ह्या पोळ्याचा', 'स्वयंपाकीणबाई पडल्या त्याच्या दुसऱ्या दिवसाचा', अशा चिठ्ठ्या असतात.

जोडीला त्यांनी एक अर्ज देऊन ठेवला होता: कॉम्प्युटरच्या आत बसवायला एक जास्तीची डिस्क मंजूर व्हावी. कोल्हेसरांनी त्यावर तीन वर्षं एकच शेरा मारला, 'एक आहे ना.'

मग गेल्या ऑक्टोबरातला तो बुधवार आला. उकाडा मरणाचा. कोल्हेसर सकाळी लवकर आले, त्यांना कूलर लावायचा होता, आणि विजेच्या बोर्डावरची पिन लावायची एकुलती एक चांगली जागा कॉम्प्युटरनं अडवलेली. पडद्यावर 'अपडेट चालू आहे, बंद करू नका' असं लिहिलेलं होतं. सरांनी ते वाचलं, असं ते स्वतःच सांगतात. मग वायर उपटली आणि कूलर लावला. दहा वाजता बाबूंनी कॉम्प्युटर सुरू केला तर काळा पडदा आणि त्यावर पांढरी एक ओळ.

त्या दिवशी पाच वाजेपर्यंत दहावीचे फॉर्म पाठवायचे होते. ब्याऐंशी मुलं, सगळ्यांची माहिती, फोटो, सगळं त्यात. दुकानातला माणूस येऊन बघून गेला. ही डिस्क इथे उघडणार नाही, म्हणाला. नागपूरला पाठवा, दहा दिवसांत काही निघालं तर निघालं. नवी डिस्क उद्या मिळेल. आज हवं असेल तर याच डिस्कवर जुना स्नॅपशॉट बसवा, पण मग तिच्यावरचं सगळं पुसलं जाईल.

आम्ही सगळ्यांनी बाबूंकडे पाहिलं. हा माणूस याच दिवसाची पाच वर्षं वाट पाहत होता. शनिवारी संध्याकाळी फॉर्मचं काम पुरं झालं होतं म्हणून त्या आठवड्याचा स्नॅपशॉट त्यांनी मुद्दाम रात्री थांबून पुन्हा एकदा काढला होता. नालवाडीहून डबा आणायला वीस मिनिटं पुरली. डबा टेबलावर आला. आणि बाबू त्याच्यासमोर बसून राहिले.

अकरा वाजले. साडेअकरा. ते डब्याची कडी काढत, पुन्हा लावत.

"अहो बसवा ना," कोल्हेसर म्हणाले.

"बसवतो," बाबू म्हणाले आणि पाणी प्यायला गेले.

मी मागोमाग गेले. माठापाशी ते ग्लास धरून उभे होते, पाणी प्यायले नव्हते. काय झालं, म्हणून विचारलं.

"सोमवारपासून एक पत्र लिहून राह्यलो होतो, मॅडम. त्याच्यातच. जेवणाच्या सुट्टीत. शनिवारच्या स्नॅपशॉटात ते नाई."

"कोणाला पत्र?"

मग त्यांनी सांगितलं. तळेगावला त्यांचा धाकटा भाऊ असतो, बंडू. त्यांच्या आईचा एकच फोटो होता, आर्वीच्या स्टुडिओत काढलेला, आणि तो बंडूजवळ होता. अकरा वर्षांपूर्वी बाबूंच्या डोक्यात आलं, एकच आहे, काही झालं म्हणजे? त्यांनी तो मागून घेतला आणि वर्ध्याला कॉपी काढायला निघाले. पिशवी बसमध्ये राहिली. परत मिळाली नाही.

"कापी काढाले नेऊन राह्यलो होतो, मॅडम," ते म्हणाले. "बंडू येवढंच बोलला, तुले कोणी सांगतलं होतं? तेव्हापासून बोलत नाई. मीही गेलो नाई. कोणत्या तोंडानं जाऊ?"

इतकी वर्षं आम्ही त्या दोन कंगव्यांना हसत होतो याची मला लाज वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मग हातानं का नाही लिहिलं?"

"हातानं लिहिलं तं खोडलेलं दिसते."

"नागपूरला पाठवू या डिस्क. मी सरांशी बोलते. कुठूनतरी मुदत मागू."

त्यांनी पाणी ओतून ग्लास पालथा घातला. "ब्याऐंशी पोट्टे हाय. माहं एक पत्र हाय," ते म्हणाले आणि आत गेले.

त्यांनी डिस्क जोडली, दोन कळा दाबल्या. सगळं पुसून टाकायचं का, असं कॉम्प्युटरनं विचारलं. बाबूंनी चष्मा काढून दुसरा लावला, पुन्हा वाचलं आणि होय म्हटलं. पावणेतीनला कॉम्प्युटर उठला. त्याच्या पडद्यावर शनिवारचंच सगळं जिथल्या तिथे होतं, अगदी कोल्हेसरांनी उघडा टाकलेला पत्त्यांचा डावसुद्धा. पाचला दहा मिनिटं असताना ब्याऐंशीवा फॉर्म गेला. सरांनी चहा मागवला, जास्तीच्या डिस्कचा अर्ज तिथल्या तिथे मंजूर केला आणि एकीऐवजी दोन लिहिल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबू सगळ्यांना नमस्कार करत होते आणि मला ते बघवत नव्हतं.

निघताना मी विचारलं, "काय लिहिलं होतं त्यात?"

"चार ओळी. दोन दिवसांत चार ओळी. त्यातल्या तीन उन्हापावसाच्या होत्या."

शनिवारी बारा वाजता ते माझ्या टेबलाशी आले. हातात डिस्क आणि एक कागद, त्यावर क्रमानं अकरा सूचना. "आजचा तुमी काढजा, मॅडम," म्हणाले. "मी तळेगावले चाललो. लिवतो म्हणीन तं पुन्हा खोडत बशीन." दुसऱ्या हातात सोनपापडीचे डबे होते. अर्थातच दोन.

मी सूचनांप्रमाणे स्नॅपशॉट लावला. पंखा बारीक केला. शिपायाला शिंक आली तर बाहेर पाठवलं. अडीचच्या सुमारास फोन वाजला.

"किती झालं?" बाबूंनी विचारलं.

"निम्मं. तुमचं?"

"फाटकापाशी उभा हाय. अर्धा घंटा झाला. बंडू आंगणात बसून खाट विणून राह्यला. केस पांढरे झाले त्याचे."

"हाक मारा."

"आवाज नाई निघत, मॅडम."

फोन चालूच होता. कुठेतरी कोंबड्या ओरडत होत्या आणि बाबूंचा श्वास ऐकू येत होता. मग लांबून एक जाड, चिडका आवाज आला, "उनात काऊन उभा हायेस रे दादा? आत ये ना."

बाबूंना फोन बंद करायचं सुचलं नाही. पुढचं माझ्यासाठी नव्हतं, म्हणून तो मी बंद केला.