कालातीत टाइल आणि पारोशी दिवाळी

"आई शनिवारी येतेय आणि आपल्या बाथरूमला भिंती नाहीत, मुरली!"

"भिंती आहेत. टाइल्स नाहीत," मुरलीधर म्हणाला आणि हातातला टाइलचा नमुना खिडकीच्या उजेडात तिरका धरला. "ढगाळ असलं की ही जरा निळसर दिसते. डेटेड होईल."

"काय होईल?"

"डेटेड. दहा वर्षांनी घर बघायला येणारा म्हणेल, हं, ही तेव्हाची फॅशन. आपल्याला टाइमलेस हवी."

"कोण येणारे घर बघायला? आपण विकतोय?"

"आत्ता नाही गं. पण समज, विकलं."

"म्हणजे ज्या माणसाचा अजून पत्ता नाही, त्याच्या आवडीसाठी माझी आई पारोशी राहणार!"

टाइमलेस हा शब्द ज्याने पहिल्यांदा टाइलला चिकटवला, त्याला अंघोळीवाचून राहायची वेळ कधी आली नसावी. मुरलीधरच्या बायकोवर, अक्षयावर, आता ती आली होती. गेल्या दिवाळीत तिची आई, प्रमोदिनीबाई, साताऱ्याहून ब्रिस्टलला आल्या आणि टबमध्ये चढताना घसरल्या. गुडघा सुजला. मग लेकीने धरून त्यांना अंघोळ घातली, तेव्हा त्या मान फिरवून रडल्या. "तुझ्यावर ही वेळ आणायला नको होती मी," असं म्हणाल्या होत्या. ते अक्षयाच्या डोक्यातून जात नव्हतं. म्हणून यंदा टब काढून सरळ चालत आत जाता येईल असा शॉवर करायचं ठरलं. आई म्हणाल्या, "तो असेल तरच येते. नाहीतर फोनवर फराळ दाखवीन."

केव्हिन नावाचा फिटर मोकळा होता. तो आला, टब उचलला, भिंती विटांपर्यंत सोलल्या. टाइल अजून ठरली नव्हती. "वीकेंडला ठरवू," असं मुरलीधर म्हणाला होता. आधी फोडायचं आणि मग विचार करायचा, हे हा माणूस विमानाच्या कारखान्यात करत नाही. तिथे पंखातली केसाएवढी चीर तो हुडकून काढतो. ही अक्कल फक्त घरी वापरायची नसते.

वीकेंडला त्याने मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मत मागितलं. झालं! पांढरीवर पाण्याचे डाग दिसतात. करडी आता संपली. ईशान्येला निळी चालत नाही. नागपूरच्या कुणी तरी स्वतःच्या संगमरवरी बाथरूमचे फोटो टाकले, त्यात स्वतःही उभा. गिरीश नावाच्या एकाने "काहीही लाव पण फटींत भरायचं ग्राउट चांगलं घे" असं लिहिलं, तर ग्राउटवर वेगळं भांडण सुरू झालं. आणि मुरलीधरने प्रत्येकाचं मनावर घेतलं. रोज नवे नमुने यायला लागले.

नमुने ठेवायला जागा हवी म्हणून त्याने गॅरेज रिकामं केलं. आधीच्या मालकाची जुनी, जड, चिकटपट्टी लावलेली खोकी होती, ती दारातल्या स्किपमध्ये, म्हणजे राडारोड्यासाठी भाड्याने आणलेल्या लोखंडी पेटाऱ्यात, टाकली.

"उघडून तरी बघितलीस का?" अक्षयाने विचारलं.

"अगं, आठ वर्षं पडलीयेत. काय असणार त्यात?"

शेजारची डोरीन कुंपणावरून बघत होती. सत्तरी ओलांडलेली, एकटीच राहणारी. इथे स्किपमधलं काही उचलायचं तर विचारून उचलतात, तसं तिने खास ब्रिस्टलच्या लाडिक बोलीत विचारलं.

"ती खोकी मी घेऊ का, माय लव्हर?"

"घ्या की! कचराच आहे," मुरलीधर म्हणाला आणि स्वतः तिच्या दारात नेऊन दिली.

तोवर केव्हिन रोज सकाळी यायचा, चहा प्यायचा, विचारायचा, "टाइल?" मुरलीधर म्हणायचा, "उद्या." शेवटी डोरीननेच विचारलं, "तुमचा माणूस रिकामा असेल तर मी नेऊ? माझेही गुडघे गेलेत, मलाही टब काढायचाय."

"न्या, न्या!" मुरलीधर म्हणाला. त्याला इतकं हलकं वाटलं की त्याने केव्हिनची अवजारंसुद्धा उचलून दिली.

अक्षया हे ऐकून स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायला लागली. सध्या सगळे तिच्या मैत्रिणीकडे, वैजयंतीकडे, टॉवेल घेऊन अंघोळीला जात होते. पंधरा वर्षांच्या मायराचा संताप वेगळाच. "बाबा, माझी केस वॉश नाही झाला! स्कूलमध्ये सगळे विचारतात!" पण वैजयंतीकडेही टबच. आईंना तिथे नेऊन उपयोग नव्हता.

शनिवारी आई आल्या. चहासुद्धा न घेता म्हणाल्या, "मुरलीधरराव, शॉवर दाखवा."

वर विटांची भिंत आणि तिच्यावर निळ्या चिकट गोळ्यांनी डकवलेले नमुनेच नमुने. एक त्यांच्यासमोरच सुटून फुटला.

"हे प्रदर्शन कधी संपतंय?" त्यांनी विचारलं.

"आई, दोनच उरल्यात. मॅट पांढरी की चमकदार पांढरी."

"आणि मी?"

मुरलीधर फुटलेल्या नमुन्याचे तुकडे गोळा करायला लागला.

आईंनी ओल्या पंच्याने अंग पुसून दिवस काढले. तक्रार केली नाही, त्यामुळे अक्षयाचा जीव आणखीच जळला. मग पहिली अंघोळ आली. पहाटे आईंनी सवयीने तेल कोमट केलं, पाट मांडला, आणि कुणी काही बोलायच्या आत जावयाच्या टाळूवर तेल थापलं. मग मायराला, मग लेकीला, मग स्वतःला. उटण्याची वाटी हातात घेऊन त्या उभ्या राहिल्या.

"चला. पाणी कुठे आहे?"

तेल मात्र ओघळत होतं.

"वैजयंतीकडे..." मुरलीधर पुटपुटला.

"गाडीच्या सीटना तेल लागेल," अक्षया म्हणाली. "आणि आई टबात चढणार नाही. मी तिला चढवणारही नाही. ऐकतोयस? वर्षभरापूर्वी मी तिला शब्द दिला होता, आणि तू मॅट आणि चमकदार करत बसलास!" तिने आईचा हात धरला. "चल गं."

ड्रेसिंग गाउनमधली, केसांतून तेल ठिबकणारी अक्षया, तिच्यामागे आई, मायरा आणि उटण्याची वाटी धरलेला मुरलीधर अशी वरात डोरीनच्या दारात गेली. एरवी अक्षयाने शेजारी साखरसुद्धा मागितली नसती. पण चिडलेल्या माणसाला लाज वाटत नाही, हा चिडण्याचा एक फायदा.

डोरीनने दार उघडलं, चौघांकडे पाहिलं. अक्षयाने इंग्रजीत सगळं सांगितलं.

"कालच झालाय शॉवर तयार," डोरीन म्हणाली. "या ना, माय लव्हर्स."

"ही सगळ्यांनाच लव्हर म्हणते?" आईंनी हळूच विचारलं आणि आत गेल्या.

एकट्या गेल्या. दार लावून घेतलं. बाहेर अक्षया कान देऊन उभी राहिली. आधी नुसतं पाणी ऐकू आलं, मग आईंचं गुणगुणणं. तिने डोळे पुसले, तर डोळ्यांत तेल गेलं.

आई लाल, ताज्या चेहऱ्याने बाहेर आल्या. "कुणी धरायला लागलं नाही हो," एवढंच म्हणाल्या.

सगळ्यात शेवटी मुरलीधर आत गेला आणि पाच मिनिटांत टॉवेल गुंडाळून, एका कानात उटणं तसंच ठेवून, बाहेर धावत आला.

"अक्षया! सापडली! साधी, सायीच्या रंगाची, कडेला बारीक हिरवी रेघ! हिला म्हणतात टाइमलेस! डोरीन, कुठून आणल्यात तुम्ही या?"

"तुमच्या स्किपमधून," डोरीन म्हणाली. "त्या खोक्यांत होत्या. तुम्हीच आणून दिल्यात ना? केव्हिन म्हणाला, मापात पुरल्या."

अक्षया हसली नाही. तिने नुसतं नवऱ्याकडे पाहिलं, आणि ते जास्त वाईट होतं.

"उरल्यात का थोड्या?" मुरलीधरने कसंबसं विचारलं.

"एक आहे." डोरीनने खिडकीतली कुंडी उचलली, खालची टाइल पुसून त्याच्या हातात दिली.

आईंनी डोरीनकडे बोट करून अक्षयाला विचारलं, "मी रोज आले तर चालेल का, विचार हिला." अक्षयाने विचारलं. डोरीन म्हणाली, चालेल, चहालाही थांबा.

तेव्हा आई जावयाकडे वळल्या.

"मुरलीधरराव, तो तुकडा भिंतीवर लावा आणि ढगाळ असताना कसा दिसतो बघा. अगदी सावकाश ठरवा. मला आता काही घाई नाही."